थोरल्या सुनेची ओळ

१२ एप्रिल २००६, बुधवार. सकाळपासून वायव्येचा वारा, धूळ. खिडक्या दोनदा पुसल्या. अंगणातल्या तुणीच्या झाडाला तांबूस कोंब आले. श्याओमानने मक्याच्या सहा पातळ भाकऱ्या आणून दिल्या, कडा करपलेल्या. दुपारी फानजुन वंशावळीचा कच्चा खर्डा देऊन गेला. आमचं पान चौदावं. दुरुस्ती असेल तर वीस तारखेच्या आत कळवायची आहे. पानात एक चूक आहे.

शेवटचं वाक्य लिहून जिंगशूबाई थांबल्या. एरवी चूक म्हटली की ती कुठली, कुणाची, कशी झाली, हे सगळं त्या लिहीत. भाकरीच्या कडा करपल्या तर तेही त्यांच्या वहीतून सुटत नसे. आज मात्र त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि मिटलेल्या वहीवर हात ठेवून बसून राहिल्या.

बाई आता ऐंशीच्या. दहाव्या वर्षी वडिलांनी त्यांना यानझोउला जर्मन सिस्टरांच्या शाळेत ठेवलं होतं. तिथे सिस्टर गेर्डा नावाची एक लांब नाकाची बाई दिवस मावळला की मुलींना बाकांवर बसवून चार ओळी लिहून घेई. "खोटं एक अक्षर नको. राग आला असेल तर आला म्हणून लिहा. पण झालं तेच लिहा." सुट्टीत घरी आल्यावर जिंगशूने हे आजोबांना सांगितलं, तेव्हा ते दाढी कुरवाळत म्हणाले, "यात परदेशी काय आहे? आपल्या गुरूंचे शिष्यसुद्धा दिवस संपताना स्वतःची झडती घ्यायचे." दोन्हीकडून एकच सांगणं आल्यावर पोरीला पळवाट उरली नाही. शाळा गेली, सिस्टर बोटीत बसून गेल्या, आजोबा गेले, नवराही गेला. वही तेवढी सुटली नाही.

दोंगबाई हे त्यांचं गाव छूफूच्या पूर्वेला कोसभरावर आहे. गावात दहातली सात घरं खुंगांची. जग ज्यांना कन्फ्यूशियस म्हणतं ते खुंग गुरू इतरांसाठी गुरू असतील, दोंगबाईत ते आधी पणजोबांचे पणजोबा आहेत. अडीच हजार वर्षं होऊन गेली, पण घरात ते अजून बसलेलेच असावेत असं लोक वागतात. कोणी कुठे बसायचं, आधी कोणी चमचा उचलायचा, कोणी कोणापुढे गुडघे टेकायचे, सगळं ठरलेलं. पुरुषाच्या नावातल्या पहिल्या अक्षरावरून त्याची पिढी कळते आणि पिढीपुढे वयाला कोणी विचारत नाही. बाईंचा नवरा श्यांगलिन, म्हणजे 'श्यांग' पिढीचा, गुरूंपासून पंचाहत्तराव्या. वंशावळीचा खर्डा घेऊन आलेला फानजुन 'फान' पिढीचा, म्हणजे एक पायरी वर. तो चौतीस वर्षांचा आहे, पण नात्याने बाईंचा चुलत सासरा लागतो.

याच फानजुनला बाईंनी दुसरीत शिकवलं होतं. पाढा चुकला म्हणून हातावर पट्टीही मारली होती. त्याच वर्षी नववर्षाच्या सकाळी रीतीप्रमाणे बाई त्याच्या घरी गेल्या आणि शेंबूड पुसणाऱ्या त्या सासऱ्यापुढे वाकल्या. फानजुनने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते. तेव्हापासून आजतागायत तो त्यांना बाई म्हणतो आणि त्या त्याला, मूड असेल तसं, कधी 'अरे' तर कधी 'काका' म्हणतात.

वंशावळीचं हे काम सात वर्षं चाललेलं. आधीचा ग्रंथ सत्तर वर्षांपूर्वीचा. त्यात बायकांना नाव नव्हतंच. नवऱ्याच्या नावाखाली 'पत्नी येन', 'पत्नी मेंग', एवढंच, माहेरचं आडनाव. मुलींना तेवढीही जागा नव्हती. या वेळी मुली येणार होत्या. सुनांनाही, काही सांगण्यासारखं असेल तर, एक ओळ मिळणार होती. एक ओळ! दोंगबाईतल्या म्हाताऱ्या बायकांनी ते ऐकलं आणि दोन महिने गावात दुसरा विषय नव्हता.

चौदाव्या पानावर लिहिलं होतं:

खुंग श्यांगलिन, थोरला. पत्नी येन. हिने अर्धांगाने पडलेल्या सासूची अकरा वर्षे सेवा केली. चार गावांत तिचे नाव झाले. एक कन्या.

आणि त्याखाली:

खुंग श्यांगतियेन, धाकटा. पत्नी येन. तीन पुत्र.

दोघी जावा येन घराण्यातल्या. गावं वेगळी, नातं काही नाही, पण आडनाव एकच. सासूची सेवा अकरा वर्षं झाली होती हे अक्षर न् अक्षर खरं. फक्त ती जिंगशूबाईंनी केली नव्हती. ती धाकट्या जावेने, श्याओमानने केली होती.

चूक कशी झाली ते बाईंना वाचता वाचता कळलं. गावातल्या एका जुन्या जाणत्याने मरण्यापूर्वी फानजुनला सांगून ठेवलं असणार की श्यांग भावांच्या घरी येनांच्या सुनेने सासूचं अकरा वर्षं केलं. कुठली येन, असं फानजुनने विचारलंच नसेल. विचारायचं कशाला? सासू पडली की थोरल्या सुनेने करायचं, ही रीत. थोरलीचं काम थोरलीच्या नावावर. खुंगांच्या गावात कुठलाही शहाणा माणूस तसंच लिहील.

बाईंना वाटलं होतं, आपल्याला हसू येईल. आलं नाही. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली, मग चष्मा पुसून आणखी एकदा. छातीत काहीतरी ऊबदार पसरत गेलं, थंडीत गरम पाण्याचा पेला धरावा तसं. आणि लगेच त्या उबेच्या मागोमाग जुनं, ओळखीचं, आंबट काहीतरी वर आलं. कारण ओळ आपल्या नावाखाली होती, पण होती तिची.

*

श्याओमानचा मत्सर जिंगशूबाईंनी सत्तावन्न वर्षं केला. यात त्यांना स्वतःला शंका नव्हती. वहीत तसं लिहिलेलंच होतं. पहिली नोंद १९४९ च्या हिवाळ्यातली: 'धाकट्याची बायको आली. एकोणीस वर्षांची. लिहिता वाचता येत नाही. गव्हाच्या कणसात दाणा भरायला लागतो त्या दिवशी जन्मली म्हणून नाव श्याओमान. हिने मळलेली कणीक माझ्यापेक्षा फुगते. सासूबाई दोनदा म्हणाल्या.'

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. श्याओमानला तीन मुलगे झाले, बाईंना एक मुलगी. ती मुलगीसुद्धा चालायला लागली ती आईकडे नाही, काकूकडे. श्याओमानचं डुक्कर गावात सगळ्यात जाड. तिच्या लसणीचं लोणचं बिघडत नसे. आता दोघी म्हाताऱ्या झाल्या, दोघींचे नवरे गेले, तरी हिशेब पुरा झाला नव्हता. बाईंच्या तोंडात कवळी आणि शहात्तर वर्षांची श्याओमान भाजलेल्या सोयाबीनचे दाणे कुडुम कुडुम फोडत गल्लीतून हिंडते. त्या आवाजाने बाईंच्या अंगाचा तिळपापड होई.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक घमेलं होतं.

१९५७ च्या शरदात सासूबाई न्हाणीपाशी पडल्या त्या उठल्या नाहीत. डावं अंग गेलं. बाई तेव्हा तालुक्याच्या शाळेत शिक्षिका. सहा दिवस तिकडे, रविवारी घरी. रीतीने नोकरी सोडायला हवी होती, थोरली सून. त्यांनी सोडली नाही. श्याओमान म्हणाली, "ताई, तुम्ही जा शाळेत. मला नाहीतरी दुसरं काय येतं?" बाई गेल्या. मान खाली घालून नाही, सुटल्यासारख्या गेल्या. तेही वहीत आहे.

मात्र रविवारी त्या घरी येत आणि हाताला येईल ते करायला जात. सासूबाईंचे केस विंचरत, भरवत, कूस बदलत. सगळं चाले, पण एक चालत नसे. सासूबाईंचे पाय लहानपणी बांधलेले, मुठीएवढे. आठवड्यातून दोनदा पट्ट्या सोडून ते पाय कोमट पाण्यात धुवावे लागत. त्या जमान्यातल्या बाया असे उघडे पाय नवऱ्यालाही दाखवत नसत. बाई पट्टीला हात लावायला गेल्या की सासूबाईंचा चालता हात उठे आणि त्यांना बाजूला सारी. जीभ जड झालेली, तरी तेवढं नाव स्पष्ट निघे: "धाकटी. धाकटीला बोलाव."

मग श्याओमान चुलीपुढून हात पुसत येई, पाटावर बसे, पट्ट्या सोडी. पाण्याचं घमेलं जिंगशूबाईंनी धरायचं आणि तोंड भिंतीकडे करायचं. अकरा वर्षं! सासूबाई हिच्यासमोर उघड्या होत आणि आपल्यासमोर झाकलेल्या राहत. आपण शिकलेल्या, थोरल्या, आणि घरातल्या सगळ्यात आतल्या दाराची किल्ली कणीक मळणाऱ्या पोरीच्या कमरेला!

दुष्काळाची वर्षं आली. रताळ्याच्या पाल्याची पेज, तीही मोजून. एका रविवारची नोंद: 'श्याओमानने आपली अर्धी वाटी आईंच्या वाटीत ओतली. मी पाहिलं. मी माझी प्यायले.'

मग १९६६ चा हिवाळा, सांस्कृतिक क्रांतीचा. दंडाला लाल पट्ट्या बांधलेली पोरं घरोघर जुनं शोधत फिरू लागली. खुंग गुरूंचं नाव घेणंही तेव्हा गुन्हा. बाई तालुक्याला अडकलेल्या आणि घरी पेटीत त्यांच्या सतरा वह्या. त्यात सिस्टर, आजोबा, गुरू, सगळेच. पोरं दोंगबाईत शिरल्याचं कळलं तेव्हा श्याओमानने वह्या पेटीतून काढल्या आणि सासूबाईंना कुशीवर वळवून त्यांच्या गादीखाली सारल्या. पोरं आली, त्या खोलीच्या दारात उभी राहिली, वास आला, नाक दाबून निघून गेली. अक्षरओळख नसलेल्या बाईने सतरा वह्या वाचवल्या. सासूबाई तीन महिने त्यांवर निजल्या. १९६१ च्या वहीच्या पुठ्ठ्यावर अजून पिवळा डाग आहे.

बाईंनी त्या वेळी आभार मानले होते. तोंडाने मानले आणि रात्रभर त्यांना झोप आली नाही. आता आपलं आयुष्यसुद्धा हिने सांभाळून ठेवलेलं!

*

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. खर्डा टेबलाच्या खणात होता. शनिवारी सकाळी श्याओमान खारवायचे तुणीचे कोंब तोडायला आकडी घेऊन आली. झाड बाईंच्या अंगणात, पण तोडणं तिचं. बाईंना शिडी चढवत नाही. शहात्तरीची बाई शिडीवर चढून वरून बोलू लागली.

"ताई, तुमच्याकडे ते पुस्तक आलंय म्हणे?"

"पुस्तक नाही. खर्डा."

"तेच ते. माझ्या मोठ्याला विचारलं तर म्हणाला, आई, मला पीक बघायचंय. माझं काय लिहिलंय त्यात?"

बाई खाली टोपली धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पत्नी येन. तीन पुत्र."

हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं. सिस्टर गेर्डालाही त्यात खोट काढता आली नसती.

"एवढंच?"

"एवढंच."

बाई वाट पाहू लागल्या. आता हिचं तोंड उतरेल. आता ही म्हणेल, आणि माझी अकरा वर्षं? सत्तावन्न वर्षांत एकदा, फक्त एकदा, त्यांना ते तोंड उतरलेलं बघायचं होतं.

वरून कोंबांचा एक जुडगा टोपलीत पडला. मागोमाग श्याओमानचं हसू. "तीन पुत्र! त्यातला मधला कसला दिवटा आहे ते नाही ना लिहिलं? मग बरंय! माझ्या आईचं तर बाई आडनावही कुणी घेतलं नाही. बाप तिला 'अगं चूल' म्हणायचा. टोपली नीट धरा हो ताई, अर्धे खाली पडतायत."

त्या दिवशीची नोंद: 'कोंब दीड टोपली. श्याओमानला वाईट वाटलं नाही. मला वाटलं.'

सोमवारी फानजुन आला. बाई आणि श्याओमान अंगणात बसून कोंब निवडत होत्या. तो सायकल लावून, घाम पुसत, भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. "बाई! तुमच्या पानावर काही दुरुस्ती नाही ना? नाहीतर कळवा हो. काय झालंय, ग्रंथ आला की पूर्वजांच्या दालनात सगळ्यांसमोर काही ओळी मोठ्याने वाचायच्या ठरल्यात. आपल्या शाखेतून तुमचीच घेतलीय. सासूची अकरा वर्षं सेवा! थोरली सून असावी तर अशी."

कोंब निवडणारा एक हात थांबला. तो जिंगशूबाईंचा होता. श्याओमानचा चालूच राहिला.

बाईंनी श्याओमानकडे पाहिलं. आता. आता ही उठेल. कंबरेवर हात ठेवील, गल्ली गोळा करील, सांगेल सगळं. सांगू दे. बाईंना भीती वाटली आणि त्या भीतीच्या तळाशी, कुणाला सांगायचं नाही असं, बरंही वाटलं. अखेर ही माझ्यावर जळेल. एकदा तरी.

श्याओमानने कोंबाचा जून देठ मोडून बाजूला टाकला. एकदा बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग फानजुनला म्हणाली, "बरोबर लिहिलंयस बाबा. घमेलं त्याच धरायच्या दर रविवारी. भरलेलं घमेलं काय हलकं असतं? आणि अरे, सासरा आहेस ना आमचा, मग उन्हात काय उभा राहतोस? बस, पाणी पी."

फानजुन पाणी प्याला, दोन कोंब कच्चेच तोंडात टाकले आणि गेला. श्याओमानही टोपली उचलून निघाली. दारात वळून म्हणाली, "ताई, मीठ जास्त घाला यंदा. मागच्या वर्षी बुरशी आली होती तुमच्या बरणीला."

जिंगशूबाई अंगणात एकट्या राहिल्या.

तिने दिलं होतं. फणा काढायचा सोडून देऊन टाकलं होतं! पेजेची अर्धी वाटी ओतावी तसं. न मागता, न मोजता, कोण बघतंय याची पर्वा न करता. आणि आपण ते पुन्हा पिणार होतो. वह्या तिने वाचवलेल्या, मुलगी तिने खेळवलेली, सासू तिने सांभाळलेली आणि आता वंशावळीत शे-दोनशे वर्षं जी थोरली सून म्हणून लोक वाचतील तीही तीच. नाव आपलं, आत श्याओमान. मग या पृथ्वीवर जिंगशू नावाची बाई होती तरी कुठे?

दोंगबाईतलं शेंबडं पोरही गुरूंची एक गोष्ट सांगतं: ज्या वस्तूला जे नाव, तीच ती असली पाहिजे, नावं चुकली की मग पुढचं सगळं चुकत जातं. बाईंनी ती एकतीस वर्षं वर्गात शिकवली होती. मधल्या एका वर्षी वरून हुकूम आला तेव्हा तीच चुकीची आहे अशी घोषणा खुंग आडनावाच्या चाळीस पोरांकडून वदवूनही घेतली होती. तेव्हा खाली मान घालावी लागली. आज कोणाचा हुकूम नव्हता. आज फक्त श्याओमानचं औदार्य होतं, आणि ते बाईंना हुकुमापेक्षा जास्त झोंबलं.

"नको मला तुझं," त्या मोठ्याने म्हणाल्या. ऐकायला फक्त तुण होती.

*

मंगळवारी सकाळी नऊ वाजता जिंगशूबाई खांद्याला कापडी पिशवी अडकवून शाखेच्या कचेरीत गेल्या. कचेरी म्हणजे फानजुनच्या किराणा दुकानामागची खोली. पिशवीत १९५७ ते १९६८ च्या बारा वह्या. चालताना दोनदा थांबावं लागलं, पण त्यांनी पिशवी कुणाला दिली नाही.

"बस," त्या फानजुनला म्हणाल्या. तो बसला. "वाच."

"बाई, ही तुमची खाजगी..."

"काका म्हणून सांगू की दुसरीतला पोरगा म्हणून सांगू? वाच. खुणा घातल्यात तिथे. मोठ्याने."

फानजुनने वही उघडली. 'श्याओमानने आईंचे पाय धुतले. मी घमेलं धरलं.' पान उलटलं. 'श्याओमानने चादरी धुतल्या, बर्फ फोडून. मी परीक्षेचे पेपर तपासले.' पान उलटलं. 'आईंच्या पाठीला जखम. श्याओमान चार रात्री झोपलेली नाही. मला शाळेत परत जायची घाई झाली होती.' चौथ्या वहीला त्याचा आवाज बारीक झाला. पेजेच्या नोंदीपाशी तो थांबला आणि बाईंकडे बघेना.

"पुढे," बाई म्हणाल्या.

"कळलं, बाई."

"काय कळलं?"

"ओळ खाली न्यायची. धाकट्या सूनबाईंच्या नावाखाली."

"आणि नुसतं येन नाही. येन श्याओमान. पूर्ण नाव. दालनात वाचाल तेव्हा गावाला कळलं पाहिजे कुठली येन. माझ्या इथे लिही, येन जिंगशू. एकतीस वर्षे शिक्षिका. मुलीचंही नाव घाल. 'एक कन्या' काय? ती काय कोंबडी आहे?"

फानजुनने लिहून घेतलं. पेन्सिल कानामागे खोचत तो हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही फार मोठं मन केलंत. दुसरी कोणी असती तर..."

"मोठं मन?" बाईंनी वह्या एकेक करून पिशवीत भरल्या. "अरे गाढवा, मोठं मन असतं तर मी गप्प बसून ती घेतली असती. मला तिचं उष्टं नको आहे, एवढंच. हे तू कुठे लिहू नकोस."

दुपारपर्यंत गावभर झालं. आणि चार वाजता श्याओमान आली. आली ती दाराची कडी न वाजवता, बाहीला ओलं पीठ, तोंड लाल.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बाई कोंबांना मीठ चोळत होत्या. "काय ते?"

"काय ते म्हणतायत! तीन पोरं आणि तीन सुना दारात उभ्या. आई, तुझं नाव वाचणार, आई, नवीन कोट शिव. धाकटी सून तर रडायलाच लागली, म्हणे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आता माझ्या म्हातारपणी त्या माझे पाय धुवायला बसतील! मी काय आजारी आहे? दिलेली वस्तू अशी परत करतात? शेजारणीची चाळण परत केल्यासारखी?"

"मला तुझं नको होतं."

"ते मला माहीत आहे," श्याओमान म्हणाली आणि एकदम खाली बसली. राग जसा आला तसा ओसरला. तिच्यात तो कधी टिकतच नसे, आणि याचाही बाईंना हेवा वाटे. तिने दुसरी परात ओढली आणि मीठ चोळायला घेतलं. "आल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही माझ्या कणकेकडे असं बघायचात, जणू ती तुमच्या माहेरून चोरून आणलीय."

बाईंनी मिठाचा डबा जवळ ओढला. इतकी वर्षं जे वहीत कुलूप लावून ठेवलं ते वाचता न येणाऱ्या बाईने चुलीपुढून वाचलं होतं. त्या म्हणाल्या, "मग एक सांग. इतकं कळतं तर सांग. सासूबाई मला पायांना हात का लावू देत नव्हत्या? मी काय केलं होतं त्यांचं?"

श्याओमानचे हात थांबले. "खरंच माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत असतं तर विचारलं असतं?"

"अहो ताई, त्या घाबरायच्या तुम्हाला! मी एकदा म्हटलं, आई, थोरल्यांना धुऊ द्या की, त्यांना वाईट वाटतं. तर म्हणतात कशा, नको बाई, तिला पाय दाखवले की ती लिहून ठेवील!"

जिंगशूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. श्याओमान हसू दाबत होती, आणि दाबता दाबता तिचे ते सगळे दात दिसत होते.

लिहून ठेवील! आणि त्यांनी लिहिलं होतं. अकरा वर्षं, दर रविवारी, भिंतीकडे तोंड करूनसुद्धा. पाण्याची वाफ, पट्ट्यांची लांबी, सगळं. आज सकाळी तर खुंगांच्या एका पुरुषापुढे, तोही नात्याने सासरा, मोठ्याने वाचूनही घेतलं होतं.

"आता त्यांना कळलं तर..." बाई म्हणाल्या.

"तर थडग्यात पाय पोटाशी घेऊन बसतील," श्याओमान म्हणाली.

हसण्याची सुरुवात कोणी केली ते सांगता येणार नाही. कवळी सैल झाली म्हणून बाईंना तोंडावर हात धरावा लागला. मग त्यांचं लक्ष श्याओमानच्या परातीकडे गेलं. तिचे कोंब एकसारखे, हिरवे, मीठ अगदी बेताचं. स्वतःच्या परातीत अर्धे चुरगळलेले. हसू तोंडावर होतं तोवरच बाईंच्या पोटात ते जुनं आंबट पुन्हा एकदा हललं.

दिवेलागणीला श्याओमान गेल्यावर त्यांनी वही उघडली. तारीख घातली, वारा लिहिला, फानजुनकडे जाऊन आल्याचं लिहिलं. सासूबाईंबद्दल जे ऐकलं ते लिहिण्यासाठी पेन टेकवलं, आणि मग उचललं. ती एक गोष्ट त्यांनी लिहिली नाही. त्याऐवजी लिहिलं:

तुणीचे कोंब मिठात घातले, दोन बरण्या. मोठ्या बरणीचं झाकण नीट बसत नाही, वर वीट ठेवली आहे.